हेमलताबाईंची काळी पाच

प्रिय हेमा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर 'आत्ता पार्लरवाली आलीय' म्हणून ठेवून देतेस. तेव्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. तुझ्या मोटारीच्या डिकीत एक वस्तू गुढीपाडव्यापासून पडून आहे, तिच्याबद्दल बोलायचंय. पण तुला तोंडावर 'तू अशी, तू तशी' म्हटलं की तू कानातल्या कुड्या चाचपतेस आणि विषय बदलतेस. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून बघतेय. म्हणून तुझीच गोष्ट तुला परक्या बाईची म्हणून सांगते. दुसऱ्या बाईबद्दल वाईट ऐकायला तुला पहिल्यापासून आवडतं, त्यामुळे शेवटपर्यंत वाचशील. आणि डिकीतलं मला कुणी सांगितलं, असं विचारू नकोस. ड्रायव्हरला दुपारभर गाडीत बसवून ठेवलं की तो बोलणारच.

तर, प्रभात रोडच्या एका गल्लीत हेमलताबाई सरदेशमुख राहतात. यजमानांचा भोसरीला पंपांच्या सुट्या भागांचा कारखाना होता. यजमान गेले, कारखाना मुलाने वाढवला, आणि बाईंच्या वाट्याला बंगला, मोटार, संभाजी ड्रायव्हर आणि न संपणाऱ्या दुपारी आल्या. मुलगा आमोद आणि सून ऋतिका बाणेरला चौदाव्या मजल्यावर असतात. मुलगा अमेरिकेत असता तर निदान चारचौघांत सांगायला बरं वाटलं असतं. बाणेरहून न येणाऱ्या मुलाचं काय सांगणार? तो येत नाही, पण त्याच्याकडून वस्तू येतात. सुक्या मेव्याचे डबे येतात, हवा शुद्ध करायचं यंत्र आलं, पावलं मोजणारं घड्याळ आलं. घड्याळ बाईंनी स्वयंपाकाच्या मथुराबाईंना देऊन टाकलं. "तुला घे. मी कुठे चालते?"

वय विचारलं तर 'सत्तरीच्या आसपास' म्हणतात. कुठल्या बाजूने ते सांगत नाहीत. केसांना रंग वेळच्या वेळी, साडीला साजेसा ब्लाऊज, ब्लाऊजला साजेशी पर्स. आणि कपाटात इतक्या साड्या की बोहारणीने पाहिल्या असत्या तर धंदा सोडून संन्यास घेतला असता. एवढं नटून जायचं कुठे, हा प्रश्न मात्र रोज सकाळी आरशासमोर उभा राहायचा. तो सोडवला डेक्कनच्या गानवर्गाने.

एका शाळेच्या वरच्या मजल्यावर गुरुवारी दुपारी ज्येष्ठांचा गानवर्ग भरतो. जुनी भावगीतं म्हणायची, मधे चहा, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी, की पुन्हा गाणी. पेटीवर तात्याराव डबीर. पोस्टातून निवृत्त झालेले, विधुर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. फार बोलत नाहीत. कुणाचा सूर नेमका लागला की डोळे मिटतात आणि 'वा' म्हणतात. पण तेही अर्धंच. ओठ जेमतेम उघडायचे, उरलेला 'वा' गिळून टाकायचे. वर्गातल्या बायका त्या अर्ध्या 'वा'साठी आठवडाभर रियाज करतात आणि 'छे, वेळ कुठे मिळतो' म्हणून सांगतात.

पहिल्याच दिवशी तात्यारावांनी विचारलं, "बाई, पट्टी कुठली?"

"काळी पाच," हेमलताबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

गाण्यातलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गाणाऱ्याने आपला 'सा' पेटीच्या ज्या सुरावर धरला, ती त्याची पट्टी. काळी पाच बरीच उंच. विशीतल्या मुलीचा गळा तिथे खेळतो. पुढे वय गळ्यातही उतरतं, आणि माणूस मुकाट्याने दोन-तीन सूर खाली येऊन बसतो, जसा जिना चढवेनासा झाला की तळमजल्याच्या खोलीत येऊन झोपतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हेमलताबाई काळी पाचात गायल्या होत्या, आणि पाहुणे म्हणून आलेले रेडिओवरचे एक गृहस्थ म्हणाले होते, "ही मुलगी तिथे बोलल्यासारखी गाते!" गृहस्थ केव्हाच वारले. वाक्य बाईंनी जपून ठेवलं.

"काळी पाच. बरं," तात्याराव म्हणाले आणि भाता उघडला.

त्या दिवशी वरच्या सुरावर आवाज फाटला. बाईंनी पंख्याला दोष दिला. पुढच्या गुरुवारी सर्दीला. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाल्या, "तात्याराव, राग मानू नका, पण तुमची पेटी फार जुनी आहे. कडक बोलते." आणि पुढच्याच आठवड्यात बुधवार पेठेतून नवीकोरी पेटी वर्गावर हजर! उत्तम लाकूड, मऊ भाता, आणि स्केल चेंजरवाली, म्हणजे बाजूचा खटका सरकवला की सगळ्या पट्ट्या खाली-वर सरकतात. पुढच्या बाजूला पितळी पाटी: 'श्रीमती हेमलता सरदेशमुख यांजकडून सप्रेम'. पाटी एवढी मोठी की पेटी तिच्यावर बसवली असावी असं वाटावं.

नवी पेटी आली आणि चमत्कार झाला. हेमलताबाईंचा गळा मोकळा झाला. तात्यारावांची बोटं काळी पाचावर, आणि बाईंचा आवाज वरपर्यंत अलगद. तात्यारावांनी डोळे मिटले. अर्धा 'वा' आला.

"बघितलंत? दोष पेटीतच होता," बाई म्हणाल्या.

"होय. पेटीतच," तात्याराव म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले.

त्या रात्री बाईंना छान झोप लागली. पुढे गुरुवारची साडी सोमवारीच ठरू लागली. मथुराबाईंना विचारलं जाऊ लागलं, "हा रंग जरा भडक होतो का गं?" आणि मथुराबाई 'नाही' म्हणाल्या तरी, 'हो' म्हणाल्या तरी साडी बदलली जायची. सगळ्या शहाण्या बायकांना शहात्तराव्या वर्षी जे वाटायला नको असतं, ते हेमलताबाईंना वाटत होतं. वाटू दे. वाटण्याला काय कुणी हरकत घेतोय? अडचण सुशीलाबाईंची होती.

सुशीलाबाई मेश्राम येरवड्याहून यायच्या, मेट्रोने. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, सरकारी कचेरीत चाळीसेक वर्षं काढलेल्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास. केस पांढरेशुभ्र, आणि ते तसे ठेवल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. हेमलताबाईंना पहिला राग त्या केसांचाच आला. 'मला नाही लपवायची गरज' असं ते केस रंगवलेल्या केसांना बोलून दाखवतात, असं त्यांना वाटायचं.

एकदा चहाच्या वेळी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "काय हो सुशीलाबाई, दर गुरुवारी येरवड्याहून बरं सोडतात तुम्हाला?"

पुण्यात येरवडा म्हटलं की कारागृह, ही थट्टा पुणेकरांनी झिजवून गुळगुळीत केली आहे. सुशीलाबाईंनी थर्मासचं झाकण फिरवलं. "हो नं. चांगल्या वर्तणुकीबद्दल. तुम्हाला प्रभात रोडवरून कोणी सोडत नाही वाटते, ड्रायव्हर घेऊनच यावं लागते."

वर्ग हसला. त्याचं बाईंना एवढं वाटलं नाही. तात्याराव हसले, आणि सुशीलाबाईंनी पुढे केलेल्या थर्मासच्या झाकणातून चहा प्यायले, ते लागलं. बाईंनी त्यांच्यासाठी घरून चांदीच्या कडांचा कप आणून ठेवला होता. तो वर्गाच्या कपाटात तसाच होता, बशीसकट.

दुसरा घाव वर्ग सुटल्यावर. बाईंनी मोटारीचं दार उघडून धरलं. "तात्याराव, मंगळवार पेठेतच ना? वाटेत सोडते की."

"नको, नको. मी यांच्याबरोबर मेट्रोने जातो. चार स्टेशनांत पोचतो," तात्याराव म्हणाले. "वरून नदी फार छान दिसते हो, हेमलताबाई. बघा एकदा."

मग बाई मागच्या सीटवर एकट्या, सिग्नलला अडकलेल्या, आणि डोक्यावरून ती मेट्रो सर्रकन निघून जाताना बघणाऱ्या. तीस लाखांच्या गाडीत बसून वीस रुपयांच्या तिकिटाचा हेवा करणारी बाई पुण्यात त्या संध्याकाळी दुसरी नसेल.

तरी हे सगळं त्यांनी गिळलं. गळ्यात अडकली ती तात्यारावांची जुनी पेटी. नवी पेटी आल्यावर जुनीचं काय झालं, हे बाईंच्या मनातही आलं नव्हतं. एका गुरुवारी सुशीलाबाई सहज म्हणाल्या, "तात्या, पेटीचा तो खालचा 'नी' कुरकुरते. उन्हात ठेवू का?"

"कुठली पेटी?" हेमलताबाईंनी विचारलं.

"माझीच जुनी," तात्याराव म्हणाले. "इथे तुमची आल्यावर ती घरी नुसती पडून होती. यांना शिकायची हौस, म्हटलं घेऊन जा. चांगला हात बसलाय यांचा."

तात्यारावांच्या वडिलांपासूनची पेटी. पन्नास वर्षं त्यांच्या बोटांखाली असलेली. ती बाईंनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने, येरवड्याला पोचवली होती! वर आणि 'तात्या'! हेमलताबाईंना ते अजून 'तात्याराव'च होते. घरी जाऊन त्यांनी जेवण नाकारलं. "डोकं दुखतंय," म्हणाल्या. मथुराबाईंनी विचारलं, "बाम लावू का?" तर म्हणाल्या, "कुठे कुठे लावशील?"

आठवडाभर विचार करून त्यांनी बेत आखला. वार्षिक कार्यक्रम पाडव्यानंतर व्हायचा होता. पाडव्याच्या बऱ्याच आधी एका गुरुवारी, सगळे जमल्यावर, गोड हसून त्या म्हणाल्या, "आज माझ्या गाण्याला सुशीलाबाईंनी साथ करावी. तात्याराव इतकं कौतुक करतात, आम्हालाही कळू दे. तुम्ही आज श्रोते व्हा, तात्याराव."

"अहो, मी आत्ता आत्ता शिकतेय," सुशीलाबाई म्हणाल्या.

"असं कसं? घरी तालीम चालते ना रोज. काळी पाच. सापडते ना?"

सुशीलाबाईंनी तात्यारावांकडे पाहिलं. तात्यारावांनी खिडकीकडे पाहिलं. सुशीलाबाई पेटीपुढे बसल्या, पदर खोचला, आणि भाता उघडायच्या आधी त्यांचा हात पेटीच्या बाजूला गेला. सवयीचा हात नव्हता. तात्याराव जे आवाज न करता करायचे, ते त्यांच्याकडून 'खट्' असं वाजलं. आणि मग आणखी एकदा, 'खट्'.

"ते काय केलंत?" हेमलताबाईंनी विचारलं.

"काही नाही. बसली नव्हती नीट."

"खटका सरकवलात तुम्ही. खाली का सरकवलात? मी काळी पाच म्हटलं."

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. हेमलताबाई गर्विष्ठ होत्या, पण कच्च्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. ज्याने त्याने दुसरीकडे पाहिलं. वर्षभर तात्यारावांची बोटं काळी पाचावर होती हे खरं, पण काळी पाचातून निघत होता तो चांगला दोन घरं खालचा सूर. सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीच आणलेल्या खटक्याने त्यांनाच वर्षभर सांभाळून घेतलं होतं.

"बाई, त्यात काय एवढं? आम्ही सगळेच उतरलोय नं," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "तात्या म्हणाले, त्यांना आनंद वाटते तर वाटू द्यावा."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. गळा उतरला, हे एकवेळ सोसलं असतं. पण 'तात्या म्हणाले'? कधी म्हणाले? मेट्रोत? नदी बघताना? म्हणजे ते दोघं बाईंबद्दल बोलत होते, आणि एखादं मूल झोपल्यावर आई-वडील त्याच्याबद्दल बोलतात तसं, माया करून बोलत होते. आणि तो अर्धा 'वा'! तो कुणासाठी होता?

"खटका जागेवर आणा," हेमलताबाई म्हणाल्या.

"हेमलताबाई, कशाला उगाच..." तात्याराव उठले.

"तुम्ही आज श्रोते आहात."

खटका जागेवर गेला. बाई गायल्या. पहिली ओळ निभली. अंतऱ्याच्या वरच्या सुरावर आवाज फाटला, मधोमध, जुन्या पैठणीसारखा. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. बाईंनी पर्स उचलली, खाली गेल्या, आणि थोड्याच वेळात संभाजी वर आला. मान खाली घालून म्हणाला, "बाईंनी पेटी आणायला सांगितलीय."

पेटी प्रभात रोडच्या दिवाणखान्यात आली आणि कोचाशेजारी बसली. येरवड्याहून जुनी पेटी रिक्षाने वर्गावर परत आली. बाई वाट बघत राहिल्या, तात्यारावांच्या फोनची. फोन आला नाही. मितभाषी माणसाची हीच तर गोम असते. त्याच्या अर्ध्या शब्दावर आपण वर्षभर काढतो, आणि तो गप्प बसला की आपल्याजवळ काहीच उरत नाही. आमोदला त्यांनी फोनवर सांगितलं, "मी गाणं सोडलं." तो म्हणाला, "अगं, घरी म्हण ना! ऋतिका, मम्मीला तो कराओके माइक ऑर्डर कर." दोन दिवसांत माइक आला. गुलाबी होता आणि त्यात दिवे लागायचे.

मग एका दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, बाईंनी पेटीवरचं भरतकामाचं कापड काढलं. बाजूचा खटका सरकवला, 'खट्', आणि पुन्हा 'खट्'. हळू आवाजात म्हणून पाहिलं. आवाज बसला. त्याला वर चढायचं नव्हतं, त्यामुळे तो रुंद झाला होता, आणि त्यात काहीतरी होतं जे गॅदरिंगमधल्या मुलीकडे नव्हतं. स्वयंपाकघरातून मथुराबाई म्हणाल्या, "आज ऐकायला बरं वाटलं बाई." त्या घरातच होत्या. बाईंनी घाईने कापड टाकलं, पण रागावल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. सुशीलाबाई.

"हेमलताबाई, कार्यक्रम तोंडावर आला आहे. तुमच्या गाण्याची जागा तशीच ठेवली आहे. या नं."

"पेटी उचलून नेणारी बाई आता कुठल्या तोंडाने येणार?"

"पेटी घेऊनच या."

"तिच्यावर माझ्या नावाची एवढी मोठी पाटी. लोक म्हणतील, नेली काय, आणली काय!"

"मग पाटी काढून टाकू. चारच तर स्क्रू. ज्या दुकानातून घेतली त्याच्याकडून काढून, पॉलिश मारून घेऊ, म्हणजे डागही राहायचा नाही. गुरुवारी सकाळी डेक्कनच्या मेट्रोखाली भेटू. गाडी बुधवार पेठेत घालू नका, दिवसभर अडकाल. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या आहेत, एक तुम्ही धरा, एक मी. मधे एकदा मेट्रो बदलून मंडईला उतरू. काम झालं की तसंच वर्गावर."

हेमलताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "मेट्रोत बसायला मिळतं का हो?"

"पांढरे केस पाहून उठतात पोरं. तुमच्यासाठी माहीत नाही."

बाई हसल्या. एकट्याच घरात असून मोठ्याने हसल्या. कुणीतरी त्यांना कुठेतरी चला म्हणालं होतं, ओझं अर्धं अर्धं उचलायला. यात वस्तू देणं नव्हतं, घेणं नव्हतं.

पाडव्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी चालण्यासारखी साडी नेसली. कुड्या काढून ठेवल्या, पुन्हा घातल्या. पेटी डिकीत ठेवली. वाटेत मनाशी ठरवलं होतं, मेट्रो सुटली की सुशीलाबाईंना विचारायचं, 'ते माझ्याबद्दल आणखी काय म्हणतात?' आणि हेही ठरवलं होतं की वर्गात बसल्या बसल्या आपणच सांगायचं, 'तात्याराव, आजपासून खालची पट्टी.' 'तात्या' म्हणून बघावं का, तेही ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. आरशात संभाजीने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

डेक्कनला गाडी वळली. स्टेशनाच्या जिन्याखाली सुशीलाबाई उभ्या होत्या. शेजारी तात्याराव. पेटी जड, दोघी म्हाताऱ्या, उचलायला हात हवा म्हणून सुशीलाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. दुसरं काही नव्हतं. थर्मास उघडा होता. झाकण तात्यारावांच्या हातात. सुशीलाबाई काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, आणि तात्यारावांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मोटारीची काच बंद होती. ऐकू काहीच आलं नाही. पण अर्धा 'वा' आणि पुरा 'वा' यांतला फरक लांबूनही दिसतो.

"संभाजी, गाडी फिरव."

"बाई, आलोच की आपण. ते बघा, उभ्या आहेत..."

"मला दिसतंय. फिरव."

"इथे वळता येत नाही. पुलावरून पलीकडे जावं लागेल."

"मग पलीकडून फिरव!"

सुशीलाबाईंनी पाऊण तास वाट पाहिली. तीनदा फोन केला. "ट्रॅफिक असेल," असं त्या तात्यारावांना दर वेळी सांगत होत्या. मग दुपारी दोघं रिकाम्या हातांनी वर्गावर गेले, आणि जुन्या पेटीवर, तिच्या कुरकुरणाऱ्या 'नी'सकट, तालीम झाली.

इकडे घरी परतल्यावर संभाजीने बंगल्याच्या फाटकात गाडी लावली आणि विचारलं, "पेटी उतरवू का, बाई?"

"राहू दे," हेमलताबाई म्हणाल्या. "बुधवारात जायचंय ना. पाटी काढून आणायचीय."

तो अजून अधूनमधून विचारतो, आणि अजून तेच उत्तर मिळतं. गतिरोधकावरून गाडी जरा जोरात गेली की डिकीतून एक सूर येतो, कुठला ते कळत नाही. बाई काच खाली करतात, जणू आवाज बाहेरूनच आला.